सही चुकली म्हणून क्रेडिट कार्डाचं कर्ज बुडतं का?

वाचकांचे प्रश्न, कर्ज-सल्लागाराची उत्तरं

प्रश्न : मी इंग्लंडमधल्या स्लाऊला राहतो. २००५ च्या उन्हाळ्यात एका शॉपिंग सेंटरमधल्या स्टॉलवर क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरला. घाईत सही चौकटीच्या बाहेर गेली, तीही मराठीत केली, आणि तारीख घालायची राहिली. बँकेच्या सहीची जागा कोरीच होती, असं आठवतं. २०२० मध्ये नोकरी गेली, हप्ते थकले. आता ६,८०० पौंडांची थकबाकी एका वसुली कंपनीने विकत घेतली आहे आणि मी तिला दरमहा २० पौंड भरतो. "सहीत चूक असेल तर पूर्ण कर्ज रद्द करून देतो," असं म्हणणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीने ४९५ पौंड आगाऊ मागितले आहेत. मंडळातले एक मित्र म्हणतात, पैसे भरणं आजच थांबव. काय करू?

उत्तर : ते ४९५ पौंड देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

तुम्ही सांगितलेल्या चुकांपैकी मराठीतली सही ही चूकच नाही. सही कुठल्या लिपीत आहे याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही, ती तुमची असली म्हणजे झालं. चौकटीबाहेर गेलेली सही, राहून गेलेली तारीख आणि बँकेची कोरी जागा या मात्र खऱ्या त्रुटी आहेत. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ६१ म्हणतं, की ठरवून दिलेल्या नमुन्यातल्या कागदावर ग्राहकाने स्वतः आणि बँकेच्या वतीने कुणीतरी, ठरवून दिलेल्या पद्धतीने सही केलेली हवी. तसं नसेल तर करार रीतसर झालेला नाही. लोक इथवर वाचतात आणि आनंदाने पुस्तक मिटतात. पुढचं कलम ६५ वाचायला हवं. रीतसर न झालेल्या कराराची वसुली न्यायालयाच्या आदेशाने करता येते. म्हणजे बँकेला परवानगी मागावी लागते, एवढंच.

ती परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना न्यायाधीश कलम १२७ खाली बघतात, की या त्रुटीमुळे कुणाचं काय नुकसान झालं आणि दोष कुणाचा, किती. तुम्ही पंधरा वर्षं ते कार्ड वापरलंत, दरमहा स्टेटमेंट वाचलंत, हप्ते भरलेत. सही दोन बोटं बाजूला गेल्यामुळे तुमचं काय बिघडलं, असं कुणी विचारलं तर तुमच्यापाशी उत्तर नाही. नुसत्या या चुकांवर लढलात तर तुम्ही हराल, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सहीवरून कर्ज बुडतं ही गोष्ट अगदीच निराधार नाही, आणि म्हणूनच ती इतकी पसरली. कलम १२७ ला एक तिसरं पोटकलम होतं. आवश्यक अटी ज्यात आहेत अशा कागदावर ग्राहकाची सही नसेल, तर न्यायालयाने आदेश द्यायचाच नाही, असं त्यात सांगितलं होतं. न्यायाधीशाला वाटलं तरी देता येत नव्हता. याचा सर्वांत गाजलेला निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००३ मध्ये दिला, विल्सन विरुद्ध फर्स्ट काउंटी ट्रस्ट या खटल्यात. एका बाईंनी बीएमडब्ल्यू गाडी तारण ठेवून ५,००० पौंड घेतले होते. सावकाराने कागदपत्रांचे २५० पौंड कर्जातच धरून करारात ५,२५० पौंड लिहिले. ती फी कर्जाच्या रकमेत मोजायला नको होती. रक्कम चुकीची, म्हणजे आवश्यक अट चुकीची, म्हणून सगळा करार अंमलबजावणीबाहेर गेला. मुद्दल, व्याज, गाडीवरचा हक्क, सगळंच. या खटल्यात सहीबद्दल वादच नव्हता, हे नीट लक्षात घ्या.

हे पोटकलम संसदेने काढून टाकलं, पण ६ एप्रिल २००७ पासून पुढे झालेल्या करारांपुरतं. तुमचा करार २००५ चा आहे, म्हणून तुम्हाला ते अजूनही लागू आहे. तेव्हा तुमच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा : ज्या कागदावर तुम्ही सही केली, त्याच कागदात क्रेडिट लिमिट (किंवा ते कसं ठरणार हे), व्याजाचा दर आणि परतफेड कशी करायची, या गोष्टी होत्या का? त्या काळी स्टॉलवर पुष्कळदा नाव-पत्ता-पगार लिहायचा एक फॉर्म असे आणि अटींचं पत्रक वेगळं दिलं जाई. फॉर्मवर सही आणि अटी भलत्याच पत्रकात, असं असेल तर तुमची बाजू खरोखर भक्कम आहे. मात्र पानं सुटी आहेत एवढ्याने भागत नाही. एकत्र दिलेली, एकमेकांना जोडून वाचायची पानं मिळून एकच दस्तऐवज होऊ शकतो. हे वस्तुस्थितीवर ठरतं, स्टेपलच्या पिनेवर नाही.

आता हे शोधायचं कसं? कलम ७८ खाली वसुली कंपनीला लेखी पत्र पाठवा, सोबत १ पौंड फी, आणि कराराची प्रत व खात्याचा हिशेब मागा. त्यांना कामाचे १२ दिवस मिळतात. तेवढ्यात प्रत दिली नाही तर ती देईपर्यंत त्यांना कराराची अंमलबजावणी करता येत नाही. नंतर दिली की ही अडचण संपते. इथे बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून आधीच सांगते : ही प्रत म्हणजे तुमच्या सहीच्या मूळ कागदाची फोटोकॉपी असलीच पाहिजे असं नाही. डिसेंबर २००९ मध्ये केरी विरुद्ध एचएसबीसी या खटल्यात मँचेस्टरच्या न्यायालयाने स्पष्ट केलं, की बँक आपल्या नोंदींवरून प्रत नव्याने तयार करून देऊ शकते आणि त्या प्रतीवर सही दिसायची गरज नाही. प्रत्यक्ष दावा लावला आणि तुम्ही हरकत घेतली, तर मात्र योग्य कागदावर तुमची सही झाली होती हे वसुली कंपनीला न्यायाधीशांपुढे पटवून द्यावं लागेल. वीस वर्षांपूर्वीचा कागद नसला तरी त्या वेळी बँक कुठला फॉर्म वापरत होती याचा पुरावा ती देऊ शकते. म्हणून "मूळ कागद हरवलाय, मी जिंकलो" असं धरून चालू नका.

आणि समजा तुम्ही जिंकलात. कर्ज पुसलं जात नाही. ते उरतंच, फक्त न्यायालयातून वसूल करता येत नाही. थकबाकीची नोंद क्रेडिट संस्थांकडे (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या) देणं म्हणजे अंमलबजावणी नव्हे, असंही २००९ मध्येच उच्च न्यायालयाने ठरवलं आहे. त्यामुळे डिफॉल्टची, म्हणजे कर्ज थकवल्याची, नोंद झाल्यापासून सहा वर्षं राहते. आजवर भरलेले पैसे परत मिळतील अशीही आशा धरू नका.

मी लेस्टरच्या एका सल्ला केंद्रात काम करत असताना, २००८-०९ च्या सुमाराला, अशा आगाऊ पैसे घेणाऱ्या कंपन्यांचा सुळसुळाट झाला होता. लोक तीनशे-चारशे पौंड भरून येत, आणि त्या कंपनीने केलेलं काम म्हणजे कलम ७८ चं एक छापील पत्र, ज्याला एक पौंड लागतो. दुःख त्या पैशांचं नव्हतं. "तुम्ही काही करू नका, आम्ही बघतो" असं सांगितल्यामुळे लोकांनी न्यायालयाचे लिफाफे फोडलेच नव्हते. उत्तर न दिल्यामुळे त्यांच्यावर एकतर्फी निकाल झाले होते. त्यांतल्या काहींचे करार खरोखर सदोष होते, पण ते सांगायला न्यायालयात कुणी उभंच राहिलं नाही. ही गोष्ट मला आजही छळते. तुमच्या घरी काउंटी कोर्टाचा दावा आला तर उत्तराला १४ दिवस असतात. दावा मिळाल्याची पोच या मुदतीत दिलीत तर एकूण २८ होतात. तो लिफाफा त्याच दिवशी उघडा.

वीस पौंडांचं काय? कलम ७८ चं उत्तर येईपर्यंत भरत राहा, जर ते तुमच्या घरखर्चातून ओढून काढावे लागत नसतील. प्रत आली की ती आणि तुमच्याकडचे जुने कागद घेऊन सिटिझन्स ॲडव्हाइस, नॅशनल डेटलाइन किंवा स्टेपचेंज यांच्याकडे जा. तिन्ही ठिकाणी सल्ला मोफत आहे. "सहा वर्षं झाली की सुटका" हा हिशेब तुम्हाला सध्या लागू नाही, कारण प्रत्येक हप्त्याबरोबर इंग्लंड-वेल्समधली दावा लावण्याची सहा वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

प्रश्न : २०१९ मध्ये मोबाइलवरून कार्ड घेतलं. कुठेही सही केली नाही, फक्त एक बटण दाबलं. मग करार झालाच कसा?

उत्तर : झाला. इलेक्ट्रॉनिक करारांना २००४ च्या अखेरीपासून परवानगी आहे, आणि "मला मान्य आहे" या बटणावर क्लिक करणं ही १९७४ च्या त्याच कायद्याखालची सहीच होय, असं उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. नवीन कार्ड घेऊन पस्तावला असाल तर सही शोधत बसू नका. करार झाल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. वापरलेली रक्कम व्याजासह ३० दिवसांत परत करावी लागते.

प्रश्न : नवऱ्याने मला न सांगता माझ्या नावाने कार्ड काढलं आणि माझी सही त्यानेच केली. आम्ही वेगळे झालो आहोत. ४,२०० पौंडांसाठी पत्रं मला येतात. "नवऱ्याने केली म्हणजे तुमचीच सही," असं कंपनीने फोनवर सांगितलं.

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर जे सांगितलं ते साफ चुकीचं आहे. पहिल्या पत्रातल्या गृहस्थांनी सही केली होती, ती जागेवर नव्हती इतकंच. तुम्ही सही केलीच नाही. कर्जदाराची सही कर्जदारानेच करायची असते, आणि लग्न झालं म्हणून नवऱ्याला तो अधिकार मिळत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं आणि तुम्ही ते कार्ड वापरलं नाही, तर तो करार तुमचा नाहीच.

फोनवर बोलणं थांबवा. लेखी कळवा : हे कर्ज मला मान्य नाही, सही माझी नाही, मूळ अर्ज आणि त्यावरच्या सहीची प्रत पाठवा. सोबत तुमच्या पासपोर्टावरच्या सहीची प्रत जोडा. योग्य कारण देऊन कर्ज नाकारलं, की चौकशी होईपर्यंत वसुली थांबवणं त्यांना एफसीएच्या (आर्थिक कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था) नियमांनुसार बंधनकारक आहे. तरीही पत्रं येत राहिली तर आधी त्यांच्याकडेच तक्रार नोंदवा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही, तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जा. त्यांच्याकडे फी नसते आणि वकील लागत नाही.

पोलिसांत जायचं की नाही हा निर्णय तुमचा. कंपनी तशी तक्रार मागू शकते, आणि घरातल्या माणसाविरुद्ध ती करणं किती जड जातं हे मी जाणते. नवऱ्याची भीती वाटत असेल तर पत्रव्यवहाराचा पत्ता सल्ला केंद्राचा देता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.