वांग्याचा दोष नव्हता

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग माझं पोट का बिघडतं? मनाचेच खेळ आहेत का?" सदाशिव पेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वारंवार येतो. विचारणाऱ्या बहुतेक चाळिशीच्या आसपासच्या. त्यातल्या एकीची ही गोष्ट, ओळख बदलून. त्यांना मेधाताई म्हणू.

वय 44, राहायला कोथरूडला. पोट फुगायचं, दोन-दोन दिवस साफ व्हायचं नाही, मग अचानक जुलाब. वाटेत जावं लागलं तर, या धास्तीने बस सुटली होती. यजमान स्कूटरवरून सोडायचे. ताटातलंही एकेक सुटत गेलं. उसळी, वांगं, दूध, शेंगदाणे. उरला मऊ भात आणि मुगाचं वरण.

"डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका."

"तुम्हाला काय वाटतं?"

"काहीतरी मोठं आहे आणि ते कुणाला सापडत नाहीये."

पाळीची तारीख त्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनने मांडायच्या. मी म्हटलं, "पोट बिघडेल त्या दिवशी तिथेच निळी खूण करा. काय खाल्लं ते मात्र लिहायचं नाही."

तीन महिन्यांनी त्या पानंच घेऊन आल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडली. निळ्या खुणा लाल खुणेआधीच्या आठ-दहा दिवसांत दाटलेल्या, पाळी सुरू झाली की दोन दिवसांत संपलेल्या. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे वांग्याचा दोष नव्हता." आणि रडल्या.

हे मला पहिल्याच भेटीत सुचलं होतं. बोलले नाही. मी सांगितलं असतं तर त्यांनी ते आणखी एक मत म्हणून ऐकून घेतलं असतं.

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं. ते आतड्याचे स्नायूही सैलावतं, अन्न रेंगाळतं, पोट फुगतं. पाळीच्या तोंडावर ते घसरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं आतड्यालाही आवळतात, म्हणून जुलाब. चाळिशीनंतर हे चढउतार जास्तच बेभरवशाचे होतात. म्हणजे त्रास खरा होता. पण 'बाहेर पोट बिघडलं तर सगळं संपलं' ही भर विचाराची होती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रास वाढवणारे विचार तपासून बदलत, काम करते. संप्रेरकांवर माझा ताबा नाही, 'सगळं संपलं' या वाक्यावर आहे. पुढच्या भेटी त्या वाक्यावरच गेल्या.

तपासणी मात्र आधीच हवी. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, अंगातलं रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं सततचं फुगणं, यांत कॅलेंडरच्या भरवशावर थांबू नका. थायरॉईड मंदावला तरी बद्धकोष्ठ होतं, तेही बघून घ्या. हार्मोनच्या गोळ्या किंवा 'बॅलन्स'ची चूर्णं मनाने घेऊ नका. पाळीआधीच्या त्या दिवसांत थोडं थोडं खा, जेवून शतपावली घाला. पदार्थ कायमचे तोडू नका.

मेधाताई शेवटच्या भेटीला कोथरूड डेपोवरून बसने आल्या. पाळीला चार दिवस होते.