वाचकांचे प्रश्न : राष्ट्रपतींची निवडणूक वर्गात

प्रश्न : २००७ साली मी सहावीत होते. प्रतिभाताई पाटील आमच्या जळगावच्या, म्हणून बाई त्या निवडणुकीच्या बातम्या रोज फळ्यावर लिहून घ्यायच्या. ‘महाराष्ट्रातल्या आमदाराचे मत १७५’ एवढे अजून आठवते, पण तो आकडा येतो कसा? आता मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. ४० मुलांत ही निवडणूक घ्यायची तर कशी घ्यावी?
– एक शिक्षिका, जळगाव जिल्हा

उत्तर : राष्ट्रपती निवडतात ते आमदार आणि खासदार, आणि त्यांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते; १७५ हे ते मूल्य. आमदाराचे काढायला राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून येणाऱ्या जागांनी भागायचे, मग पुन्हा १००० ने. महाराष्ट्राचे ५,०४,१२,२३५ भागिले २८८ भागिले १००० म्हणजे १७५.०४. अपूर्णांक अर्धा किंवा जास्त असेल तर पुढचा आकडा धरतात; म्हणून गोव्याचे १९.८८ चे २० आणि सिक्कीमचे ६.५६ चे ७ होतात. उत्तर प्रदेशाचे २०८. लोकसंख्या १९७१ चीच घ्या. मुले हटकून २०११ ची घेतात आणि उत्तर जुळत नाही. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवले त्यांचे वजन घटू नये म्हणून तो आकडा गोठवलेला आहे, हे त्याच वेळी सांगून टाका.

सगळ्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज भागिले निवडून आलेले खासदार, हे खासदाराचे मूल्य. २००७ ला ते ७०८ होते. २०२२ ला जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती, त्यामुळे ७०० झाले.

वर्गात ३० आमदार आणि १० खासदार करा. उत्तर प्रदेश १२, महाराष्ट्र १०, गोवा ४, सिक्कीम ४. बेरीज २४९६ + १७५० + ८० + २८ = ४३५४. तिला १० ने भागून खासदाराचे मूल्य ४३५. इथे ७०० वापरू नका. खासदारांचे एकूण वजन आमदारांच्या बरोबरीला आणणे हाच या हिशेबाचा हेतू, तो बिघडतो. विधान परिषदेचे आमदार आणि नामनियुक्त खासदार यांना मत नसते, तेव्हा त्या भूमिका कुणाला देऊ नका.

मतपत्रिका आमदारांना गुलाबी, खासदारांना हिरवी. गुलाबीच्या कोपऱ्यात राज्याचे नाव आधीच लिहा, नाहीतर मोजताना मूल्य कळत नाही. पेन सगळ्यांना एकच, मतदानाच्या टेबलावर ठेवलेले. नावांपुढे पसंती १, २, ३ अशी अंकांतच लिहायची. बरोबरची खूण, अक्षरी ‘एक’, दोघांपुढे १ किंवा स्वतःची सही असली की मत बाद. २०२२ साली ५३ मते बाद झाली, त्यांत १५ खासदारांची होती. मतदानाआधीच हे सांगितले तर मुले काळजी घेतील.

उमेदवार मात्र तीन हवेतच. दोघेच असतील तर दुसऱ्या पसंतीला काही कामच उरत नाही, आणि या निवडणुकीचा गाभा तर तिथेच आहे. १९६९ चे आकडे फळ्यावर लिहा : पहिल्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. जिंकायला लागणारा आकडा, म्हणजे कोटा, ४,१८,१६९. पुढच्या पसंतीची मते मिळाल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांच्या मतदारांनी २ कुणापुढे लिहिला त्यावर सगळे फिरले, आणि तरीही गिरीच आले.

मोजताना प्रत्येक उमेदवाराचा गठ्ठा राज्यवार लावा आणि संख्येला मूल्याने गुणा. नुसत्या चिठ्ठ्या मोजणे ही सगळ्यात मोठी चूक. वैध मूल्याची निम्मी बेरीज अधिक एक हा कोटा. एकही मत बाद नसेल तर एकूण ८७०४ (आमदार ४३५४ + खासदार ४३५०) चा कोटा ४३५३, पण बाद मते आधी वजा केल्याशिवाय तो मांडू नका. कुणीच पोहोचले नाही तर तळाचा उमेदवार काढा आणि त्याच्या चिठ्ठ्या २ ज्याच्यापुढे असेल त्याच्याकडे मूळ मूल्यानेच द्या. गोव्याची चिठ्ठी कुठेही गेली तरी २० चीच. जिच्यावर २ नाही ती बाजूला ठेवायची, कोटा मात्र तोच राहतो. शेवटपर्यंत कुणी तिथवर गेले नाही तर उरलेला एकटा उमेदवार निवडून आला.