संशयी, नास्तिक की चिकित्सक?

प्रश्न असा आला आहे: घरातल्या लग्नाच्या एका जुन्या फोटोत दारापाशी पुसट आकृती दिसते. घरची मंडळी म्हणतात, ते वारलेले आजोबाच. फोटो कोणी काढला, कुठे धुतला, असं विचारलं की 'तू फार संशयी', 'तू नास्तिक झालास' असं ऐकून घ्यावं लागतं. तर पुरावा मागणाऱ्या अशा माणसाला इंग्रजीत 'स्केप्टिक' म्हणतात, त्याला मराठीत नेमका शब्द कोणता?

माझं उत्तर 'चिकित्सक'. पण आधी घरच्यांचे दोन शब्द तपासू.

'नास्तिक' इथे लागूच होत नाही. पाणिनीचं सूत्र आहे 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः'. त्याचा पारंपरिक अर्थ, परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक आणि नाही असं मानणारा तो नास्तिक. म्हणजे मेल्यानंतर काही उरतं का, या प्रश्नाचा निकाल ज्याने स्वतःपुरता लावून टाकला आहे, त्याचं हे नाव. फोटोबद्दल विचारणाऱ्याने असा निकाल लावलेलाच नसतो. आत्म्यावर पूर्ण विश्वास असलेला माणूसही 'हा फोटो काही आत्म्याचा नव्हे' असं खुशाल म्हणू शकतो.

'संशय' मात्र मोठ्या घरचा शब्द आहे आणि मराठीत त्याची जी दशा झाली त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. न्यायशास्त्र म्हणजे इथे कायदा नव्हे, तर्काचं जुनं भारतीय दर्शन. त्याच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, प्रमाण (ज्ञानाचं साधन) आणि प्रमेय (जाणून घ्यायची गोष्ट) यांच्या पाठोपाठ तिसरा मान संशयाचा. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'स्थाणुर्वा पुरुषो वा'. अंधारून आलं आहे, लांबवर काहीतरी उभं आहे. तो खुंट की माणूस? उंची दोघांचीही तेवढीच. हातपाय दिसत नाहीत, झाडाची ढोलीही दिसत नाही, त्यामुळे मन दोन्हीकडे ओढलं जातं. पुसट आकृतीच्या फोटोचं याहून चोख वर्णन मी वाचलेलं नाही. शास्त्रात ही अवस्था दोष मानलेली नाही, तपास तिथूनच सुरू होतो.

आजच्या मराठीत मात्र नवरा बायकोवर संशय घेतो आणि पोलीस संशयिताला ताब्यात घेतात. भरीला गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति' प्रत्येकाच्या तोंडी. म्हणून 'संशयी' म्हटलं की तो माणसाचा स्वभाव ठरतो, आणि समोरच्याला वाटतं आपल्याला खोटं पाडताहेत. 'शंकेखोर' तर त्याहून वाईट. भांडखोर, लाचखोर, चुगलखोर या पंगतीत बसलेला शब्द चांगल्या अर्थाने वापरणं अवघडच. 'साशंक' सौम्य आहे, पण तो त्या घटकेची मनःस्थिती सांगतो, काम सांगत नाही.

कोर्टातला 'संशय' आणखी वेगळा. विल्यम मम्लर हा बॉस्टनचा नक्षीकाम करणारा कारागीर. 1861 मध्ये त्याने काढलेल्या स्वतःच्याच फोटोत मागे एक आकृती उमटली. ती आपली वारलेली चुलतबहीण, असं तो म्हणाला आणि पुढे मृत नातलगांसोबत फोटो काढून देण्याचा धंदाच त्याने थाटला. तेव्हा फोटो काचेवर घेत. काच नीट पुसली नाही तर आधीच्या गिऱ्हाइकाची अंधुक छबी नव्या फोटोत उतरे, आणि एकाच काचेवर दोनदा प्रकाश घेतला तरी तेच होई. 1869 मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर खटला झाला. फसवणूक झाली असावी असं न्यायाधीशांना वाटत होतं, पण ती नेमकी कशी केली ते सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही आणि मम्लर सुटला. आपल्याकडे याला 'संशयाचा फायदा' म्हणतात. इथे संशय आरोपीच्या कामी येतो.

आता 'चिकित्सक'. हिंदीत हा शब्द डॉक्टरपुरता आहे. मराठीत तो मूळ वैद्यापासून पुढे आला आणि पारखून घेणाऱ्याचा झाला. भांडारकर संस्थेने महाभारताची 'चिकित्सक आवृत्ती' काढली, म्हणजे शेकडो पोथ्या ताडून पाहून पाठ ठरवला. त्यात महाभारतावर अविश्वास कुठेच नाही. स्थळं बघताना 'फार चिकित्सक हो!' असं आपण वैतागून म्हणतो, तेवढी एक नकारी छटा आहे, पण ती सोसण्याजोगी.

चिकित्सा म्हणजे काय ते 1922 मध्ये लंडनला दिसलं. विल्यम होप हा असाच भुतांचे फोटो काढणारा. अशा दाव्यांचा तपास करणारे हॅरी प्राइस यांनी त्याच्याकडे फोटोच्या ज्या काचा नेल्या त्यांवर क्ष-किरणांनी काचा बनवणाऱ्या कंपनीचं सिंहाचं चिन्ह आधीच उमटवून घेतलं होतं. ते काच धुतल्यावरच दिसणारं. होपने परत दिलेल्या काचेवर 'आत्मा' होता, सिंह नव्हता. म्हणजे काच बदललेली. प्राइस यांनी परलोकाबद्दल वाद घातला नाही, काच तपासली.

तरी सगळ्यांना ते पटलं नाही. आर्थर कॉनन डॉइल पेशाने डॉक्टर, तर्कासाठी गाजलेल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराचे जनक, पण ते होपच्याच बाजूने उभे राहिले. पॅरिसला 1875 मध्ये तर असेच आत्म्यांचे फोटो काढणाऱ्या ब्युगे या फोटोग्राफरने कोर्टात गुन्हा कबूल केला. जाळीचं कापड गुंडाळलेली बाहुली आणि तिच्यावर चिकटवायची चेहऱ्यांची कापलेली चित्रं तिथे मांडली गेली. तरीही, 'हा माझाच माणूस, मी ओळखला', असं साक्षीदार शपथेवर सांगत राहिले. या लोकांना मूर्ख ठरवणं मला पटत नाही. गेलेल्याचा चेहरा पुन्हा दिसावा ही ओढ फार बळकट असते, आणि अंधुक चेहऱ्यात हवा तो माणूस सापडतोही.

म्हणून शब्दाइतकंच क्रियापदही जपून निवडा. 'शंका घेणे' हे माणसावर असतं, 'शंका विचारणे' हे शिकणाऱ्याचं असतं, आणि 'चिकित्सा' वस्तूची होते. घरी 'मला हे पटत नाही' म्हणण्याऐवजी 'या फोटोची चिकित्सा करू या' म्हणा, आणि निगेटिव्ह कुठे ठेवली आहे ते विचारा.