नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एवढी छोटी छोटी गावं का आहेत, आणि लोक तिथे राहतात तरी कसे?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की नकाशा झूम करता करता नॉर्वेच्या पार उत्तरेच्या फिनमार्क जिल्ह्याचा किनारा दिसला, सत्तर अक्षांशाच्याही वर, आणि तिथे हजार-दोन हजार वस्तीची गावं बघून डोकंच चालेना, ही माणसं करतात काय आणि सोडून का जात नाहीत. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात होते आणि त्या काळात फिनमार्कच्या पूर्व टोकाला, वारांगरच्या बाजूला, तीनदा जाऊन आले, दोनदा उन्हाळ्यात आणि एकदा मार्चमध्ये, त्यामुळे जेवढं बघितलं-ऐकलं तेवढं सांगते. मूळची मी दापोलीकडची, हर्णै बंदरावरचा लिलाव बघत मोठी झालेली, म्हणून माझं लक्ष नॉर्दर्न लाइट्सपेक्षा मासळीकडेच जास्त गेलं, हे आधीच कबूल करते.

पहिलं म्हणजे जागेचा अंदाज. फिनमार्क 48 हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे अख्ख्या डेन्मार्कपेक्षा मोठं आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जवळपास सहापट, आणि माणसं किती तर साधारण 75 हजार, म्हणजे 2011 च्या जनगणनेत एकट्या रत्नागिरी शहरात होती तेवढीच. मधे 2020 ला सरकारनं फिनमार्क आणि शेजारचा ट्रोम्स जिल्हा एकत्र करून एकच जिल्हा केला होता, लोक इतके चिडले की 2024 पासून परत वेगळे केले.

आता थंडी. सगळ्यांना वाटतं तिथे उणे चाळीस असणार. तसं नाही, उणे चाळीस आत डोंगरपठारावर होतं, किनाऱ्यावर नाही. गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी तिथपर्यंत येतं, त्यामुळे बंदरं हिवाळ्यातही गोठत नाहीत, पूर्व टोकाच्या वार्डो गावात जानेवारीत सरासरी उणे चार-पाच असतं बस्स. पण उन्हाळाही तसलाच, जुलैत दहा अंशांच्या आसपास, आणि वारा असा की बोलायची सोय नाही. झाड म्हणून दिसत नाही, नुसतं गवत, दगड आणि शेवाळ. पहिल्या दिवशी मला सारखं काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि संध्याकाळी लक्षात आलं की सकाळपासून एकही झाड बघितलेलं नाही.

मग अशा जागी गाव का वसलं? मासा, दुसरं काही नाही. बॅरेंट्स समुद्रातला कॉड. होड्या वल्ह्याच्या होत्या तेव्हा माशाच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं, म्हणून ही गावं आत फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत खोल घुसलेल्या खाड्यांत, आडोशाला नाहीत, अगदी बाहेरच्या काठावर, लाटा तोंडावर घेत बसलीयेत. पुढे मोटरबोटी आल्या, मग ट्रॉलर, मग फ्रीझर, आणि काठावर राहायचं कारणच संपलं. हे डोक्यात ठेवून फिरलात तर तिथलं प्रत्येक गाव म्हणजे "कारण संपल्यावर काय करायचं" या एकाच प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर आहे, असं निदान मला तरी वाटलं.

हामनिंगबर्ग गावाचं उत्तर म्हणजे निघून जाणं. वार्डोहून साधारण चाळीस किलोमीटर, रस्ता तिथेच संपतो, आणि तो रस्ता म्हणजे चंद्रावरचा, दोन्ही बाजूंना उभ्या चिरलेल्या खडकांच्या रांगा. मोठ्या बोटींना लागेल असं बंदर नव्हतं, त्यामुळे 1960 च्या दशकात लोक एकेक करून उठून गेले. घरं मात्र जागेवर आहेत, रंगवलेली, खिडक्यांना पडदे, उन्हाळ्यात जुन्या घरांचे वारस येऊन राहतात आणि हिवाळ्यात रस्ताच बंद. आपल्याकडे गणपतीला उघडणारी चाकरमान्यांची घरं असतात ना, अगदी तसं.

ही लाकडी घरं उरली याचंही अप्रूप आहे बरं का. 1944 च्या शरदात जर्मन सैन्य रशियन फौजांपुढे मागे हटत होतं तेव्हा जाताना त्यांनी फिनमार्क पद्धतशीर जाळलं, घरं, शाळा, धक्के, विजेचे खांब, काही ठेवलं नाही. जवळपास 50 हजार लोकांना जबरदस्तीनं दक्षिणेला हलवलं, बरेच जण न जाता गुहांत आणि मातीच्या झोपड्यांत लपून राहिले. किर्कनेसजवळ ब्योर्नेवात्नच्या लोखंडाच्या खाणीत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं बोगद्यात राहिली आणि तिथेच दहा बाळं जन्मली. होनिंग्सवोग गावात फक्त चर्च उरलं, परत आलेले पहिले लोक त्यातच राहिले, पावाची भट्टीही त्यातच लावली. म्हणून आज ही गावं बघितली की जरा निराशाच होते, सगळी युद्धानंतर सरकारी नमुन्यावर घाईनं बांधलेली, एकसारखी चौकोनी. फोटोत दिसतात तशी जुनी नॉर्वेजियन गावं हवी असतील तर खाली लोफोटेन बेटांवर जा, इथे येऊ नका.

बुगोयनेस हे गाव मात्र जाळपोळीतून वाचलं. वस्ती दोनशेच्या आसपास, मूळचे बरेचसे फिनलंडहून आलेले. तिथला मासळीचा कारखाना बुडाला, कामं गेली, तर 1989 ला गावानं काय करावं? राष्ट्रीय पेपरात जाहिरात दिली, की आम्ही अख्खं गाव एकत्र स्थलांतर करायला तयार आहोत, कोणी जागा देता का. जाहिरात गाजली, गाव काही गेलं नाही. आणि पुढे त्यांना वाचवलं कोणी तर खेकड्यानं. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात पॅसिफिकमधला राजखेकडा आणून रशियातल्या मुर्मान्स्कच्या बाजूला सोडला होता, तो चालत चालत नॉर्वेच्या पाण्यात आला. सुरुवातीला कोळी शिव्या घालायचे कारण जाळी फाडायचा, मासे खायचा. मग कळलं की ही तर सोन्याची वस्तू आहे, 2002 पासून कोटा, म्हणजे किती मारायचं याची मर्यादा, लावून रीतसर मासेमारी सुरू झाली, आता जिवंत खेकडे विमानानं आशियात जातात. गंमत म्हणजे नॉर्थ केप या उत्तरेच्या भूशिराच्या पूर्वेला कोटा आणि पश्चिमेला कितीही मारा, कारण तिकडे तो पसरू नये अशी इच्छा आहे. एकच प्राणी, रेषेच्या इकडे लक्ष्मी आणि तिकडे कीड.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, लोक सोडून का जात नाहीत. जातात की! वार्डोची वस्ती एके काळी चार हजारांच्या घरात होती, आता दोन हजारांच्या आसपास आहे. पण थंडीला आणि अंधाराला कंटाळून जातात हा आपला समज. मी वार्डोला ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिले होते त्या बाई सत्तरीच्या (तिथे सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारतात, मला शेवटपर्यंत जीभ वळेना, मी आपली नाव टाळून बोलायची), त्यांनी वाफल आणि तपकिरी चीज पुढ्यात ठेवून मला जे सांगितलं ते असं, की अंधाराला कोण भितो, आम्ही जन्मापासून बघतोय, पण माझ्या नवऱ्याच्या बोटीबरोबर मासे मारायचा हक्कही विकला गेला आणि त्या हक्काबरोबर धक्क्यावरची कामं गेली.

हे जरा उलगडून सांगायला हवं. 1980 च्या दशकाच्या शेवटी कॉड इतका कमी झाला की एप्रिल 1989 मध्ये मासेमारी थांबवावी लागली. त्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला होडी असली की समुद्र मोकळा होता. 1990 पासून बोटीगणिक कोटा आला. मासा वाचवायला ते बरोबरच होतं, आणि मासा वाचलाही, पण पुढे कोटा हीच किमतीची वस्तू झाली. म्हातारा कोळी निवृत्त झाला की बोट कोट्यासकट दुसऱ्या गावच्या मोठ्या बोटवाल्याला जाते, पोराला तेवढे पैसे उभे करणं जमत नाही. छोट्या होड्यांसाठी वेगळी खुली कॅटेगरी आहे, पण त्यात वाटा तुटपुंजा. मासा गेला की मासळी उतरवून घेणारा कारखाना बंद, कारखाना बंद की शाळेत पोरं नाहीत, मग शाळा बंद. साखळीच ती.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. 1938 च्या कायद्यानं तिथे मासळीची पहिली विक्री कोळ्यांच्याच संघटनेमार्फत होते आणि संघटना किमान भाव ठरवते, त्याखाली व्यापाऱ्याला घेताच येत नाही. हर्णैला पापलेटचा भाव पाडताना बघितलाय मी, आणि वर कोळ्यानं व्यापाऱ्याकडून अ‍ॅडव्हान्स घेतलेला असतो त्यामुळे तोंड उघडायची सोय नसते, तेव्हा हे ऐकून पोटात कालवलं खरं.

सरकारही लोकांनी राहावं म्हणून बरंच करतं. 1990 पासून फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्सला खास पट्टा केलाय: इन्कम टॅक्स कमी, विजेवर कर नाही, आणि तिथे राहून नोकरी केली तर शिक्षणाच्या कर्जातले दर वर्षी दहा टक्के (ठराविक मर्यादेपर्यंत) माफ. म्हणून तरुण डॉक्टर, शिक्षक येतात, काही वर्षं काढतात, कर्ज फिटलं की बरेचसे परत.

आणि एक माहिती जी ऐकून मी उडाले होते: या गावांतल्या मासळीच्या कारखान्यांत 1980 च्या दशकापासून श्रीलंकेचे तमिळ लोक आहेत. यादवी युद्धातून निघून थेट सत्तर अक्षांशावर! पुढे बरेच जण ओस्लोकडे गेले, पण त्या काळात कित्येक कारखाने त्यांच्या जिवावर चालले.

मार्चमधल्या ट्रिपमध्ये बोत्सफ्योर्डला गेले होते, तिथलं एक दृश्य विसरणार नाही. धक्क्यावरच्या शेडमध्ये दहा-अकरा वर्षांचा पोरगा, कानात इअरफोन, अंगावर नारिंगी रबरी डांगरी, समोर कॉडच्या कापलेल्या डोक्यांचा ढीग. फळीला उभा खिळा. डोकं उचलायचं, खिळ्यावर जबडा खुपसायचा, सुरीचा एक फटका, जीभ बादलीत, डोकं मागे फेकायचं, पुढचं उचलायचं. माझ्याकडे बघितलंही नाही. कॉडच्या जिभा तिकडे तळून खातात, महाग असतात, आणि त्या कापायचा मान परंपरेनं पोरांचा, पैसे त्यांचे त्यांना. कोणी आठवड्यात सायकल घेतो, कोणी त्याहून मोठं काही. बाहेर लाकडी मांडवांवर मासे जोडीजोडीनं शेपटीला बांधून लटकवलेले, मीठ नाही काही नाही, नुसता वारा. वासही तोच, आपल्या बांबूच्या वलांडीवरच्या बोंबलांचा. मी दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिले तर बरोबरचा जर्मन सहकारी नाक दाबून म्हणाला तू बरी आहेस ना.

त्याच ट्रिपला घाटावर अडकलो होतो. बोत्सफ्योर्ड आणि बेर्लेवोगकडे जायचे रस्ते उघड्या डोंगरावरून जातात, वादळ असलं की फाटक पाडतात आणि ठराविक वेळेला बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या मागून सगळ्या गाड्या एका रांगेत सोडतात. टाकी भरलेली हवी, गरम कपडे, फावडं हवं, काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडून सगळं पांढरं, रस्ता, आकाश, दरी, काही फरक नाही. अर्धा तास मी स्टेअरिंग इतकं घट्ट धरलं की नंतर बोटं उघडेनात. आमच्या मागे ब्रेडची गाडी होती, तो ड्रायव्हर उतरल्यावर शांतपणे सिगारेट पेटवून म्हणाला, आज बरं होतं.

बेर्लेवोगला पोचल्यावर मुंबईच आठवली, कारण बंदराच्या भिंतीवर मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड! त्या गावाची लाटरोधक भिंत समुद्र वारंवार फोडून न्यायचा, किनाऱ्यानं गावोगाव जाणारी प्रवासी बोट धक्क्याला लागायचीच नाही, बाहेर थांबून माणसं छोट्या होडीनं उतरवायची. शेवटी हे सिमेंटचे चार पायांचे ठोकळे टाकले तेव्हा कुठे भिंत टिकली.

वार्डोबद्दल अजून थोडं, कारण एकच गाव बघणार असाल तर तेच बघा. बेटावर आहे, 1982 ला समुद्राखालून बोगदा झाला, नॉर्वेतला पहिला, साधारण तीन किलोमीटर लांब. इस्तंबूलपेक्षाही पूर्वेला आहे हे नकाशावर बघेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटापासून सूर्य नाही, जानेवारीच्या विसाव्या तारखेच्या आसपास पूर्ण बिंब दिसलं की किल्ल्यावरून तोफ उडते आणि शाळेला सुट्टी. समुद्राकाठी चेटकिणींचं स्मारक आहे, 2011 चं. 1617 च्या नाताळच्या आदल्या दिवशी अचानक वादळ उठून चाळीस माणसं बुडाली, वादळ बायकांनी मंतरून आणलं असं ठरलं, आणि त्या शतकात फिनमार्कमध्ये 91 जणांचा जीव घेतला, बहुतेक बायका. कापडाच्या लांबच लांब अंधाऱ्या बोगद्यात 91 लहान खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक दिवा आणि शेजारी एकेकीची हकिकत. मी अर्ध्यातूनच बाहेर आले, वारा कापडावर असा आपटत होता की वाचवेना.

बघायला जावं का? पक्षी आवडत असतील तर डोळे झाकून जा. वार्डोहून बोटीनं दहा मिनिटांवर होर्नोया बेट आहे, एप्रिल ते जुलै तिथे पफिन आणि इतर हजारो पक्षी हाताच्या अंतरावर, आणि गावातल्या रिकाम्या इमारतींच्या खिडक्यांवरही किटीवेक नावाच्या समुद्रपक्ष्यांनी घरटी केलेली, सतत कलकलाट. पोचायला बर्गनहून किनारी बोट आहे किंवा छोटं विमान, ते अगदी आपल्या लाल डब्यासारखं, थांबा आला की दोन उतरतात तीन चढतात, परत उडतं. गाडी हवीच. रविवारी दुकानं बंद, शाकाहारी असाल तर बटाटा आणि ब्रेड, म्हणून मुगाची डाळ आणि छोटा कुकर बरोबर न्या. माझ्या कुकरची शिट्टी ऐकून त्या वार्डोच्या बाई धावत स्वयंपाकघरात आल्या होत्या, त्यांना वाटलं आगीचा भोंगाच वाजला.