मुलगी म्हणते, निर्वासितांच्या छावण्यांत सर्व्हे करणार

प्रश्न : मुलगी नांदेडला बीएस्सी स्टॅटच्या शेवटच्या वर्षाला आहे. बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असं आमचं म्हणणं. तिला मात्र युद्ध-दुष्काळाच्या जागी आरोग्याचे सर्व्हे करणाऱ्या संस्थांत जायचंय. ती डॉक्टर नाही, तिला कोण घेणार? घरोघरी फॉर्म भरत फिरणं हे काय करिअर झालं? आणि मुलीच्या जिवाला धोका, तो वेगळाच. काय करावं? – एक वडील

सप्रेम नमस्कार.

डॉक्टरकीचा मुद्दा आधी निकालात काढू. या कामाला डॉक्टर चालतात, पण संख्याशास्त्र येणारं माणूस लागतंच. 2017 च्या ऑगस्टपासून लाखो रोहिंग्या म्यानमारमधून पळून बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. मागे किती माणसं मेली, याची नोंद कोण ठेवणार होतं? डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने छावण्यांत नमुना निवडून घरोघरी विचारलं : अमुक दिवशी घरात कोण कोण होतं, आज कोण आहे, मधल्या काळात कोण गेलं, कशाने गेलं. त्यावरून पहिल्याच महिन्यात हिंसाचाराने किमान 6,700 मृत्यू, असा अंदाज निघाला. ‘किमान’ अशासाठी की अख्खं कुटुंब तिकडेच संपलं असेल तर छावणीत येऊन सांगायला कुणी उरत नाही. अशा वेळी आकड्याच्या किती जवळ जाता येतं आणि कुठे थांबायचं, हे समजणं म्हणजेच हे करिअर. दर 10,000 माणसांमागे रोज एक मृत्यू झाला की परिस्थिती आणीबाणीची मानतात.

आता फॉर्म भरण्याचं. कुपोषणाच्या सर्व्हेसाठी ‘स्मार्ट’ नावाची पद्धत जगभर वापरतात. 6 ते 59 महिन्यांच्या मुलांचं वजन, उंची, दंडाचा घेर घ्यायचा, पायांवर सूज आहे का ते अंगठा दाबून बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आईला मुलाची जन्मतारीख माहीत नसते. मग टीमने आधीच त्या भागाचं घटनांचं कॅलेंडर बनवलेलं असतं : पूर कधी आला, सण कधी झाला, गाव कधी सोडलं. ‘पोळ्याच्या आधी झाला की नंतर?’ असं आपली आजी विचारते, तसंच. उंची मिलिमीटरपर्यंत वाचायची असते, आणि दुपारी दमलेला माणूस 78.3 ऐवजी सरळ 78.5 लिहून मोकळा होतो. संध्याकाळी लॅपटॉपवर बघावं तर एका टीमच्या निम्म्या उंच्या शून्यावर नाहीतर पाचावर संपलेल्या. हे पकडणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टीमसोबत स्वतः फिरणं हे सुपरवायझरचं काम. वजन-उंचीच्या किंवा सुजेच्या निकषावर 15 टक्के मुलं कुपोषित निघाली तर गंभीर इशारा समजतात, आणि जास्तीचं पोषणखाद्य कुठे पाठवायचं हे ठरवताना असे आकडे बघतात. 13 चे 16 होणं म्हणूनच किरकोळ नाही.

तुमच्या मुलीला एक गोष्ट बहुधा कुणी सांगितलेली नसेल. दारोदार जाऊन प्रश्न विचारणारी माणसं त्या त्या भागातलीच असतात, भाषेमुळे. दक्षिण सुदानमध्ये नांदेडची मुलगी घरोघर विचारणार नाही. बाहेरून येणारे लोक नमुना आखतात, टीमला शिकवतात, माहिती तपासतात, अहवाल लिहितात. पण ज्याने कधी उन्हात दार वाजवलं नाही, नकार ऐकला नाही, तो शिकवणार काय? माझं मत विचाराल तर तिने आधी वर्षभर मराठीत सर्व्हे करावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या कामांत तात्पुरती माणसं घेतात. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीत काम करणाऱ्या संस्थाही आहेत. पगार फारसा नसतो.

मग पदव्युत्तर शिक्षण. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था आहे, 1956 पासूनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच सांभाळते, आणि स्टॅटच्या मुलांना साजेसा जैवसांख्यिकी-लोकसंख्याशास्त्राचा अभ्यासक्रम तिथे आहे. जवळच टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) सार्वजनिक आरोग्याचा आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्या वर्षीचे संस्थेच्या संकेतस्थळावरच बघावेत. क्लासवाल्यांवर विसंबू नये. तोवर ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकायला आणि ‘कोबो’ या सर्व्हेच्या सॉफ्टवेअरवर मोबाइलचा फॉर्म बनवायला पैसे लागत नाहीत. शिवाय फ्रेंच. चाड, नायजर, काँगो इथे फ्रेंचशिवाय पान हलत नाही, आणि आपल्याकडचे अर्जदार तिथेच मागे पडतात.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. करार बहुतेक काही महिन्यांचे असतात. 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत आखडली, तेव्हा कित्येक देशांतले आरोग्य सर्व्हे चालवणारा डीएचएस कार्यक्रम अचानक थांबला आणि अनुभवी माणसं घरी बसली. पण नमुना निवड आणि विश्लेषण येणाऱ्याला आपल्याकडच्या आरोग्य खात्याच्या प्रकल्पांत, संशोधन संस्थांत काम मिळू शकतं, म्हणून ही वाट बंद गल्ली नाही.

धोका आहे. मदतकार्यात मारल्या जाणाऱ्यांत बहुसंख्य स्थानिक कर्मचारी असतात, परदेशी कमी. पण याने बापाच्या काळजाला धीर येत नाही, हे मला कळतं. निदान इतकं ध्यानात घ्या की नवख्याला थेट युद्धभूमीवर सहसा पाठवत नाहीत. तिथवर पोचायला तिला चार-पाच वर्षं तरी लागतील, तेवढ्यात तिचा विचार पक्का होईल किंवा बदलेल. मुलगी म्हणून तिला अडवूही नका. जिथे बाई परक्या पुरुषाशी बोलत नाही, तिथे बाळंतपणाचं विचारायला बाईच लागते, आणि त्या बायकांना शिकवायलाही.

बँकेची परीक्षा द्यायला हरकत नाही, तिचं गणित पक्कंच असणार. फक्त ती आणि आयआयपीएसची प्रवेशपरीक्षा एकाच दिवशी आली, तर कुठली द्यायची हे तिलाच ठरवू द्या.