गुहागरच्या सुट्टीत ८० आणि १६० मीटर: आधी पायाखालची जमीन बघा

डिसेंबरात दादरहून गुहागरला चार दिवस सहकुटुंब जाताय, सोबत हौशी (हॅम) रेडिओचा दहा वॅटचा सेट आणि दहा मीटरची फायबरची काठी आहे, आणि ८० व १६० मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी (लहरींच्या पट्ट्यांसाठी) कुठली अँटेना न्यावी असं विचारलंय. माझ्या मते १६० मीटरवर अँटेनेइतकाच, किंबहुना जास्तच, विचार तिच्याखालच्या जमिनीचा करा.

१६० च्या बँडवर पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे ४० मीटर तार. काठी दहाच मीटरची, म्हणून तार उलट्या ‘एल’सारखी लावायची: दहा मीटर सरळ वर, उरलेली आडवी. अशा तारेचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहरी बनून बाहेर पडणाऱ्या शक्तीचा हिशेब देणारा रोध, जेमतेम ६ ओहम. खाली कोरडी वाळू आणि दोन-चार रेडियल (अँटेनेच्या पायाशी जमिनीवर पसरलेल्या तारा) असतील तर जमिनीतला तोटा सहज २० ओहम धरा. म्हणजे दहापैकी साडेसातहून जास्त वॅट वाळूतच जिरले. म्हणूनच रेडियल वाढवल्यावर एसडब्ल्यूआर (सेट आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप) बिघडला तर खूश व्हा. तोटा कमी झाल्याची ती खूण आहे. पुढचं काम सेट आणि अँटेना जुळवून देणाऱ्या ट्यूनरचं. चार लांब रेडियलपेक्षा दहा-दहा मीटरचे सोळा कधीही बरे. पातळ तार चालते, वजन होत नाही.

ओली, खारी वाळू मिळाली तर सोनंच. भरतीच्या रेषेजवळ बसा, पण वेळ आधी काढून ठेवा. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास मिळतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी पाणी तुमच्यापर्यंत येईल आणि सूर्य मावळला की दिवसभर सिग्नल शोषणारा, वातावरणाच्या वरच्या भागातला डी थरही विरेल. १६० चं खरं काम तेव्हापासून पहाटेपर्यंत.

८० मीटरवर मुंबई-पुण्याशीच बोलायचं असेल तर गोष्ट वेगळी. एकूण ४० मीटर तारेची इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलटा ‘व्ही’: मधला भाग काठीच्या टोकावर, दोन्ही बाजू खाली उतरत्या. कमी उंचीमुळे सिग्नल सरळ वर जाऊन आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरांतून) परावर्तित होऊन खाली येतो आणि काही शे किलोमीटरचा परिसर भरून काढतो. इथे रेडियल लागत नाहीत. दिवसा बोलायचं तर ४० मीटर बँडवर या.

मुंबईत लिफ्ट, इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांच्या आवाजाखाली १६० बुडालेलाच असतो, त्यामुळे गुहागरची शांतता हाच मोठा फायदा आहे. ती घालवू नका. खिशातला मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून होमस्टेभोवती फिरा, खरखर कुठे वाढते ते लगेच कळेल. सेट फक्त बॅटरीवर चालवा. चार्जर खोलीतही लावून ठेवू नका.

दोन गोष्टी जिवाच्या. विजेच्या तारांपासून लांब राहा. आणि तारेचं मोकळं टोक डोक्याच्या वर बांधा, त्यावर रंगीत फीत लावा: प्रसारण चालू असताना तिथे मोठा विद्युतदाब असतो आणि अंधारात मुलं धावतात.

परवान्याची मूळ प्रत जवळ ठेवा. घराबाहेरून स्टेशन चालवण्याबद्दलच्या त्यातल्या अटी निघण्यापूर्वी वाचा. रात्री किनाऱ्यावर तारा आणि रेडिओ घेऊन बसलेला माणूस दिसला तर गावकरी विचारणारच, आणि त्यांनी विचारावंच. दुपारीच पोलीस ठाण्यात आणि होमस्टेच्या मालकांना सांगून या. माडाला दोरी बांधायची असेल तर वाडीच्या मालकांनाही.