इंजिन तापलं तरी टेंपरेचरचा काटा 'सी'वरच राहतो. मीटर बिघडलं की सेन्सर?

बहुतेक वेळा सेन्सर किंवा त्याची वायर, त्यामुळे डॅशबोर्ड उघडायची घाई करू नका. आधी गार इंजिनावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पाहा. पातळी खाली गेली की सेन्सर पाण्याबाहेर राहतो आणि इंजिन उकळत असतानाही काटा थंडच दाखवतो. हे खरंच धोक्याचं आहे, कूलंट भरेपर्यंत गाडी चालवू नका. कूलंट पुरेसं असेल तर इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा, सेन्सरची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला क्षणभर टेकवा. गरम होताना सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो, म्हणून वायरला थेट अर्थिंग मिळताच काटा 'एच'कडे चढायला हवा. चढला तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर बदला. हललाच नाही तर फ्यूज, वायर आणि शेवटी मीटर. पेट्रोलचा काटाही सोबतच चुकत असेल तर दोन्ही मीटरांचा सामाईक वीजपुरवठा किंवा अर्थिंग तपासा. मात्र ही युक्ती एकाच वायरचा सेन्सर असलेल्या जुन्या गाड्यांपुरतीच. नव्या गाड्यांत सेन्सर ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) जोडलेला असतो, तिथे वायर टेकवू नका, ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरमधली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचं तापमान वाचा.